नऊ फूट वावर

करणसिंगनं ट्रॅक्टर पट्ट्यात घातला तेव्हा शीला पपईच्या ओळीत वाकून गवत उपटत होती. तिनं मान वर केली तर ट्रॅक्टर बांध ओलांडून अलीकडे आलेला, आणि नांगर खाली उतरलेला.

त्या पट्ट्यात आठ वर्षं कुणी दाणा टाकला नव्हता. रुंदी नऊ फूट, लांबी सातशे. एका बाजूला शीलाची पपई, दुसऱ्या बाजूला दलसिंगचा ऊस. शीलाच्या नवऱ्यानं, नवनीतनं, हद्दीचे दगड सरकवून हे नऊ फूट आपल्याकडे ओढले, असा दावा दलसिंगनं शहाद्याच्या कोर्टात लावला होता. निकाल लागेपर्यंत कोर्टानं पट्टा 'जैसे थे' ठेवायला सांगितला, आणि मग तिथं गाजरगवत माजलं. दोन वर्षांपूर्वी नवनीत गेला. दाव्यात त्याच्या जागी शीलाचं आणि मुलाचं, योगेंद्रचं नाव लागलं. करणसिंग हा दलसिंगचा थोरला मुलगा. लहानपणी तो योगेंद्रला आपल्या सायकलवर डबलसीट शाळेत न्यायचा.

योगेंद्र विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडून धावत आला. हातात पावडं होतं. पाणी वळवता वळवता तसाच निघाला होता.

"ट्रॅक्टर मांगे ले, करण."

"मन्हं वावर शे. मी नांगरी ऱ्हायनू."

"कोर्टनी बंदी शे."

"बंदी चोरले ऱ्हास," करणसिंग वरूनच म्हणाला. "चोर तर मरी गया."

पुढचं शीलाला तुकड्या-तुकड्यांनीच आठवत राहिलं. योगेंद्र चाकावर पाय देऊन वर चढला. करणसिंगनं सीटखालचा लोखंडी पाना काढला. योगेंद्र खाली पडला तेव्हा त्याची भुवई फुटलेली होती आणि डोळा रक्तानं भरला होता. तो उठला, त्यानं पावडं उचललं आणि डोक्याच्या वर नेलं. करणसिंग ट्रॅक्टरवरून अर्धा उतरलेला, पाठमोरा. शीला धावली आणि तिनं पावड्याचं पातंच दोन्ही हातांनी धरलं. योगेंद्र ओढत राहिला. आईचा तळवा कापतोय हे त्याला दिसेपर्यंत तो ओढत राहिला.

उसाच्या पलीकडून दलसिंगचा आवाज आला, "करण्या! उतर खाले! घर चाल!"

शहाद्याच्या दवाखान्यात योगेंद्रच्या भुवईला सात टाके पडले, शीलाच्या तळव्याला चार. परत येताना योगेंद्र मोटारसायकल हळू चालवत होता. शीला मागे बसली होती, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून.

"माय, सोमवारले तुन्ही साक्ष शे," तो म्हणाला. "दगड व्हतात तठेच शेतस, इतलंच सांग. निकाल आपलाच लागी."

"आनि हारनूत तर?"

त्यानं गाडीचा वेग आणखी कमी केला. मग म्हणाला, "हारनूत तर मन्हा बाप चोर ठरी. मंग करणले मी त्याच पट्टामा गाडसू."

ते त्यानं रागात म्हटलं नव्हतं. रागात म्हटलं असतं तर शीलाला इतकी भीती वाटली नसती.

नवनीतनं दगड सरकवले नव्हते, हे शीलाइतकं खात्रीनं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण ते तिनं सरकवले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी तापीला मोठा पूर आला. नवनीत तेव्हा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटर होता. रस्ता पाण्याखाली गेला आणि तो पाच दिवस तिकडेच अडकला. पाणी उतरल्यावर शीला एकटी वावरात गेली. सगळीकडे गुडघाभर गाळ होता. बांध पुसून गेलेला. हद्दीचे दोन दगड, एक रस्त्याकडचा आणि एक नाल्याकडचा, उखडून आडवे झालेले. त्यांचे खड्डे मात्र दिसत होते, पाण्यानं भरलेले.

दलसिंगच्या घरचं कुणी तेव्हा वावराकडे फिरकत नव्हतं. पुराच्या दिवसांतच त्याची आई वारली होती. गावचं स्मशान पाण्याखाली होतं, म्हणून त्यांनी तिला ट्रॅक्टरवरून दुसऱ्या गावच्या उंच शिवारात नेऊन अग्नी दिला होता. घरात सुतक होतं. शीला स्वतः त्या घरी जाऊन वत्सलाबाईजवळ, दलसिंगच्या बायकोजवळ, बसून आली होती.

पण मनात दुसरंही काही होतं. दलसिंग दरवर्षी नांगरताना बांध कोरायचा. यंदा नांगराचं एक तास, पुढच्या वर्षी आणखी एक. त्या उन्हाळ्यात शीला बांधावर उभी राहून त्याला बोलली, तेव्हा तो मजुरांसमोर म्हणाला होता, "नवनीतले धाड. बायकास्नी बांधनं बोलू नये." मजूर हसले. रात्री तिनं नवनीतला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन तासनी काय व्हस? जाऊ दे."

त्या दिवशी गाळात उभी असताना तिला ते हसणं ऐकू आलं. तिनं गोठ्यातून बैल आणला, दगडाला साखळी बांधली आणि ओढला. दोन तासांचं भरून काढायला हातभर पुरला असता. पण राग हातभर नव्हता. सहा हात, म्हणजे नऊ फूट, झाल्यावर ती थांबली, पहारीनं खड्डा केला, दगड रोवला. मग दुसऱ्याकडे गेली. जुने खड्डे गाळानं भरून टाकले.

नवनीत आला आणि त्यानं दोन दगडांच्या मधे सरळ बांध घातला. एवढ्या पुरातही आपले दगड हलले नाहीत, असं तो पुढे कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगायचा. शीला तिथं असली तर उठून आत जायची.

दलसिंगनं आपल्या दोन मुलांची वाटणी करायला जमीन मोजून घेतली, तेव्हा नऊ फूट कमी भरले. त्यानं नोटीस पाठवली. नवनीत त्याच्या अंगणात जाऊन शपथ घेऊन आला, आणि शीलाला वाटलं, आज सांगावं. पण शपथ तर घेऊन झाली होती. दुसरी मोजणी झाली, तिच्यात तीनच फुटांचा फरक निघाला. जुन्या मूळ खुणा पुरात गेल्यामुळे दोन नकाशे एकमेकांशी जुळेनात. मग दावा साक्षीदारांवर आला. नवनीत नंदुरबारच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत होता तेव्हाही तेच बोलत राहिला. "मी कोनंच इंचभर बी लिनं नही, शीला." ती त्याचे पाय चेपत म्हणाली होती, "माहीत शे माले." त्यापुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. ते बाहेर आलंच नाही.

रविवारी दुपारी योगेंद्रनं तिच्याकडून साक्षीची तयारी करून घेतली. शपथपत्र तिनं आधीच सही करून दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की हद्दीचे दगड पूर्वापार जागेवरच आहेत. आता फक्त उलटतपासणी बाकी होती.

"वकील इचारी, तुमच्या पतीनं दगड हलवले का?"

"नही हलाडात."

"बस. इतलंच."

ते खरंच होतं. शीलाच्या लक्षात आलं की खोटं न बोलताही ती ही साक्ष पार पाडू शकते. त्या विचारानं तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

सोमवारी कोर्टाची खोली भरलेली होती. दलसिंग पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. करणसिंग भिंतीला टेकून उभा. योगेंद्र दाराशी, भुवईवर पट्टी. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. शीलाच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहून त्यांनी तिला पिंजऱ्यात खुर्ची द्यायला सांगितली. शीला उभीच राहिली.

दलसिंगचा वकील म्हातारा आणि मवाळ आवाजाचा होता.

"पूर आला तेव्हा तुमचे पती कुठे होते?"

"कारखान्यात. पाच दिवस रस्ता बंद होता."

"ते परत आल्यावर बांध कोणी घातला?"

"त्यांनी."

"बांध घालताना त्यांनी हद्दीचे दगड हलवले?"

"नाही."

शीलाच्या वकिलानं समाधानानं पेन खाली ठेवलं. म्हाताऱ्या वकिलानंही कागद आवरायला घेतले. आता फक्त रीत म्हणून विचारायचे दोन प्रश्न उरले होते. ते त्यानं कागदांकडे बघतच विचारले.

"माझं म्हणणं असं आहे, की पुराचा फायदा घेऊन तुमच्या पतीनं दगड सरकवले."

"खोटं आहे."

"आणि मरेपर्यंत ते गावाला, पंचांना आणि या कोर्टाला खोटं सांगत राहिले."

इथंही 'खोटं आहे' एवढंच म्हणायचं होतं. टंकलेखकाची बोटं तेच लिहायला तयार होती. शीलानं तोंड उघडलं. दाराशी योगेंद्र उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत तेच होतं जे पावडं उचलताना होतं. आज निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, उद्या सकाळी तो याच डोळ्यांनी वावरात जाणार होता. पलीकडून करणसिंग येणार होता, आणि मध्ये पडायला ती दर वेळी तिथं असणार नव्हती.

"ते खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. "दगड मी सरकवले."

तिचा वकील उठून उभा राहिला. "मॅडम, साक्षीदाराची तब्येत बरी नाही. हाताला मार लागलेला आहे—"

"मन्ही तब्येत बरी शे," शीला म्हणाली. घरची बोली कधी तोंडात आली तिला कळलं नाही. "त्यास्ले काहीच माहीत नव्हतं. पूर उतरना, मी बैल जुंपा, साखळी बांधी, दोन्ही दगड मीच वढी लिनात. सहा हात."

न्यायाधीश पुढे झुकल्या. "बाई, तुम्ही शपथेवर आहात. तुमच्या शपथपत्रात याच्या उलट लिहिलंय. त्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कळतंय का तुम्हाला?"

"कळस, साहेब. शपथपत्रमा खोटं शे. आते सांगं ते खरं."

त्यांनी तिला सगळं सावकाश पुन्हा सांगायला लावलं आणि एकेक वाक्य कोर्टाच्या भाषेत लिहवून घेतलं. मग वाचून दाखवलं. "मी स्वतः बैलाच्या साहाय्याने सदर दोन्ही दगड मूळ जागेवरून हलविले. ही बाब माझ्या मयत पतीस ज्ञात नव्हती." शीलाला ते दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. तिनं डाव्या हातानं मनगट धरून उजव्या हातानं सही केली. टाक्यांतून रक्त आलं, पण कागदाला लागलं नाही.

व्हरांड्यात योगेंद्र तिच्यासमोर उभा राहिला.

"बाबाले तू कधीच सांगं नही?"

"नही."

"दवाखानामा बी नही?"

"नही."

मग तो पायऱ्या उतरून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये मिसळून गेला.

शीला बसस्टँडवर चालत आली. गावाकडच्या गाडीला पाऊण तास होता. ती बाकावर बसली. थोड्या वेळानं त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं. तिनं न पाहताच ओळखलं. दलसिंग होता. मुलाच्या गाडीत बसून तो घरी का गेला नाही, हे तिनं विचारलं नाही.

"मन्ही मायनं सुतक व्हतं तैं," दलसिंग म्हणाला.

"हो."

"तू मन्हा घर येल व्हती. वत्सलाजवळ बठेल व्हती."

"हो, आबा."

"मंग कसाले?"

शीलानं सांगितलं. बांध कोरलेला, मजूर हसलेले, तो काय म्हणाला ते शब्दांसकट. दलसिंगनं ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून तो आठवायचा प्रयत्न करत होता.

"मी इतलं म्हणनू?"

"म्हणनात."

"माले याद नही." तो खरंच बोलत होता, ते शीलाला दिसलं. एकोणीस वर्षं जे तिच्या अंगात काट्यासारखं राहिलं होतं, ते त्याला आठवतही नव्हतं. "बांध मी कोरा व्हई. सगळाच कोरतस. पन नऊ फूट? इतलं कोनी करं नही."

"नही करं," ती म्हणाली.

समोर शिरपूरची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. दलसिंगनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नवनीत गया तैं मी घरमा बठी ऱ्हायनू," तो म्हणाला. "आमना दारसमोरतीन लई गयात त्याले. चोरना मौतले कसाले जावं, म्हणनू. करण जाई ऱ्हायंता, त्याले बी मीच अडायं." त्यानं टोपी परत हातात घेतली. "नवनीत मन्हा अंगनमा यी शपथ खाई गया. मी त्याना तोंडवर थुकनू, शीला. तू मन्ही चोरी बी करी आनि मन्हाकडतीन हाई बी करी लिनं. मी तुले माफ नही करसू."

"नका करू."

गाडी आली. दलसिंग पुढे ड्रायव्हरच्या मागे बसला, शीला शेवटून दुसऱ्या बाकावर. गावात उतरताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

योगेंद्र त्या आठवड्यात शहाद्याला खोली घेऊन राहिला. पपईला पाणी द्यायला दिवसाआड यायचा, शीला वावरात असली तर काम उरकून जायचा, नसली तर थोडा थांबायचा. गावात बायका शीलाशी बोलायच्या, पण ती निघाली की आवाज बदलायचे. किराणा दुकानाच्या ओट्यावर कुणीतरी तिच्या देखत म्हणालं, "नवनीत बिचारा देवमाणूस व्हता." ते ऐकून ती घरी आली आणि पहिल्यांदाच मोकळी रडली. नवनीतबद्दल गेल्या आठ वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं.

महिन्याभरानं दलसिंगच्या वकिलाकडून तडजोडीचा मसुदा आला. दगड मूळ जागी परत रोवायचे; नुकसानभरपाई नको; भांडणाच्या दोन्हीकडच्या पोलीस तक्रारी मागे. करणसिंगला हे मान्य नव्हतं, पण सातबारा अजून दलसिंगच्या नावावर होता. न्यायाधीशांनी खोट्या शपथपत्राबद्दल शीलाला भरल्या कोर्टात कडक समज दिली आणि तडजोड नोंदवून घेतली.

दगड रोवायचा दिवस चैत्रात ठरला. नकाशे जुळत नव्हते, म्हणून मूळ जागा शीलानं दाखवायची, असं तडजोडीतच लिहिलं होतं. दोन पंच, दलसिंग, करणसिंग असे सगळे जमले. योगेंद्र शेवटी आला आणि लांब उभा राहिला.

शीला बांधावरून निघाली, गाजरगवतातून सहा हात चालली आणि थांबली. माती सगळीकडे सारखीच होती. खड्ड्याची खूण कुठेही नव्हती. तिला वाटलं होतं की ती जागा ती डोळे मिटूनही ओळखेल. ती एक पाऊल मागे आली, परत पुढे गेली.

"तिलेच माहीत नही!" करणसिंग म्हणाला. त्यानं टेप काढला. "पहिली मोजणी धरा. आनि आखो दोन फूट लेवा, आठ वरीसना."

योगेंद्र लांबून चालत आला. "दोन फूट कसाना?"

"तुन्ही मायले इचार कसाना."

दोघं समोरासमोर आले. एका पंचानं हात आडवा घातला. करणसिंगनं टेप मुठीत आवळला होता, आणि योगेंद्रची भुवई, टाके पडलेली, उडायला लागली होती.

"टेप ठेव खाले," दलसिंग म्हणाला. "ती दाखाडस तठेच दगड लागी."

"जिनी चोरी करी, तिन्हाच शब्दवर?"

"आठे आखो कोनाले माहीत शे?" दलसिंग ओरडला. "तुले माहीत शे? माले? पुराले इचारानं का?"

करणसिंगनं टेप खाली ठेवला. सगळे शीलाकडे बघू लागले. तिनं पुन्हा सुरुवातीपासून पावलं टाकली. सहा हातांवर आली. इथंच असावं, असं तिला वाटलं. 'असावं', त्याहून जास्त नाही. मग तिनं आणखी एक पाऊल टाकलं, आपल्या पपईच्या दिशेनं, आणि पायानं मातीवर रेघ ओढली.

"आठे," ती म्हणाली.

ते शेवटचं पाऊल योगेंद्रनं पाहिलं. ती का पुढे सरकली हे त्याला कळलं असावं. मग त्यानं पंचाच्या हातातली पहार घेतली आणि तिनं ओढलेल्या रेघेवर पहिला घाव घातला. जमीन कडक झाली होती. थोड्या वेळानं करणसिंगनं पावड्यानं माती बाजूला सारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत दोन्ही दगड रोवून झाले.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, योगेंद्र घरी आला. गेलेल्या बापाच्या नावाची घागर भरायची होती. ती मुलानंच भरायची. त्यानं विहिरीवरून पाणी आणलं, घागर मांडली, तिच्यावर खरबूज ठेवलं. शीलानं पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. तो आईशी कामापुरतं बोलत होता. काडेपेटी कोठे शे. पाट दे. असं.

नैवेद्य झाला आणि दारात दलसिंग उभा दिसला. एकटाच होता. त्यानं वहाणा बाहेर काढल्या. शीला पदर सावरत उभी राहिली, पण तो तिच्याकडे न बघता योगेंद्रला म्हणाला, "नवनीतनी घागर कोठे शे?"

योगेंद्रनं बोट दाखवलं. दलसिंग घागरीसमोर खाली बसला. सत्तरीच्या माणसाला बसायला वेळ लागला. त्यानं हात जोडले. काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होता. मग भिंतीचा आधार घेऊन उठला.

"जेवी जा, आबा," योगेंद्र म्हणाला.

"आज नही," दलसिंग म्हणाला आणि वहाणा घालून निघून गेला.

योगेंद्र पाटावर बसला. शीलानं ताट वाढलं, वाटीत रस ओतला. तो जेवू लागला. तिसरी पोळी वाढायला ती पुढे झाली तेव्हा त्यानं तिचा हात धरून उताणा केला, तळव्यावरच्या वणाकडे क्षणभर पाहिलं आणि सोडून दिला.

"तू बी जेव," तो म्हणाला.